फिरस्त्यांचे प्रकरण कसे वाचावे?

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली निघाला. शंभरी उलटली तरी त्याच्या तोडीचे पुस्तक मराठीत मला दिसत नाही. कुणब्याच्या खळ्यावरचे धान्य कोणाकोणाच्या पदरात कसे जाते, हे महसूल खात्यातल्या या माणसाने ज्या बारकाईने टिपले आहे, त्याला तोड नाही. याच पुस्तकात फिरस्त्यांवर एक प्रकरण आहे. तिथे नजर तितकीच तीक्ष्ण राहते. माणसे मात्र नाहीशी होतात. कुणब्याला घर आहे, कर्ज आहे, अडीअडचणी आहेत. भटके येतात ते जथ्थ्याने, आणि आपण वाचतो ते काय मागतात, कसे फसवतात, काय उचलतात एवढेच.

याचा न्याय करायची वेळ आली की आपली समीक्षा दोन ठरलेल्या वाटा धरते. एक म्हणते, 'ते त्यांच्या काळाचे होते.' पण काळ म्हणजे काय सगळ्यांनी सारखाच श्वासात घेतलेला वारा? जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये लिहिली आणि काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. विठ्ठल रामजी शिंद्यांनी अस्पृश्यांसाठी मिशन काढले ते १९०६ मध्ये. तोही हाच काळ. शिवाय आत्र्यांची दृष्टी निव्वळ गावातून आलेली नाही. 'गुन्हेगार जाती' हे पुस्तकही त्यांचेच. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या जागी १९११ मध्ये आलेला नवा कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्मावरून गुन्हेगार ठरवायचे, नोंदवायचे, हजेरी लावायची. या प्रकरणाला चावडीइतकाच पोलीस कचेरीचाही वास येतो, आणि तो ओळखणे हे समीक्षकाचे काम आहे.

दुसरी वाट पुस्तकच अडगळीत टाकते. ती तर आणखी सोयीची, वाचायलाच नको!

या दोन वाटांबाहेर शरद पाटलांनी, शरणकुमार लिंबाळ्यांनी सौंदर्यशास्त्राची मांडणी केली, ती मोलाची आहे. मात्र जुन्या पानावर बोट ठेवून ओळ न् ओळ तपासणे मागे पडले. ते काम खऱ्या अर्थाने केले भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडते, टोपल्या विणते. त्या टोपल्या शेतकऱ्याला लागतच होत्या. आत्र्यांच्या खतावणीत फिरस्त्यांच्या नावे बाजू ठळक आणि जमेची जवळपास कोरी. ती माने यांनी भरली. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) पुढे जाते. चोरी ते नाकारत नाही. ती करायला लावणारी भूक आणि पोलिसांचा मार समोर ठेवते. 'गावगाडा'वरची याहून चांगली टीका मला माहीत नाही, मग त्यांनी आत्र्यांचे नाव घेतलेले असो वा नसो.

आमच्या चिंचवड-चाकण पट्ट्यात हे प्रकरण कसे वाचावे हा प्रश्न निव्वळ ग्रंथालयातला नाही. चिंचवडगावात क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीचे गुरुकुलम आहे. पारध्यांसह भटक्या-विमुक्तांची मुले तिथे शिकतात. या कामात आयुष्य घातलेल्या गिरीश प्रभुणे यांचे 'पारधी' हे पुस्तक आत्र्यांहून कितीतरी ममतेने लिहिलेले आहे. तेही बाहेरूनच लिहिलेले, हे विसरू नये. त्या मुलांपुढे 'गावगाडा'तले हे प्रकरण ठेवावे का? मी म्हणेन, ठेवावे. वरच्या वर्गात, 'उपरा'च्या जोडीने आणि कायद्याच्या कलमांसह.

आणि आत्र्यांचा कुणबी? चाकण, म्हाळुंगे, निघोजेत त्याच्या नातवंडा-पतवंडांच्या जमिनीवर कारखाने आले. कोणी ठेकेदार झाला, कोणी दहा-बारा खोल्यांची चाळ बांधून भाड्याने दिली. खोल्यांत राहतात बिहार, ओडिशा, मराठवाड्यातले कंत्राटी कामगार. "ह्या लोकांचं काय खरं नाय, आज हायेत, उद्या न्हाईत," हे वाक्य भाड्याच्या बोलणीत सर्रास येते. आज या पट्ट्यावर लिहिल्या जाणाऱ्या मी वाचलेल्या मराठी कथांतही परप्रांतीय कामगार बहुधा जथ्थ्यानेच येतो: शेअर रिक्षातून उतरतो, संप फोडतो, नाहीतर रात्री दंगा करतो. मालकाच्या पोराला मात्र नाव असते, प्रेमभंग असतो आणि कर्जाचे हप्तेही असतात.