नवी संगणकप्रणाली, जुनी मुद्रणसाधने आणि झाडीबोलीचे लेखन

नवी कार्यप्रणाली आली की तिला अनुरूप साधने येईपर्यंत थांबावे लागते, ही संगणकक्षेत्रातील नित्याची बाब समजली जाते. मराठीतील या प्रतीक्षेचे मूल्यमापन मात्र केवळ तांत्रिक सोयीच्या निकषावर करता येणार नाही. प्रस्तुत लेखात गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत बोलल्या जाणाऱ्या झाडीबोलीच्या लेखनासंदर्भात हा प्रश्न तपासला आहे.

विंडोज २००० या प्रणालीत देवनागरीला युनिकोडचा आधार मिळाला. तिच्यासोबत आलेला 'मंगल' हा टंक प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविला होता. पाया असा तयार होता; परंतु ज्या पेजमेकरवर पुस्तकांची जुळणी होत असे, त्याच्या २००१ मधील अखेरच्या सातव्या आवृत्तीतही युनिकोडची सोय नव्हती. इनडिझाइनमध्ये भारतीय लिपींची सोय रीतसर उपलब्ध झाली ती २०१२ च्या सीएस-६ आवृत्तीत. मधल्या बारा वर्षांत छपाई थांबली नाही. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविणाऱ्या टंकांवर ती चालू राहिली.

छापील पानावर हा भेद दिसत नाही. तीच धारिका तो टंक नसलेल्या संगणकावर उघडली, तर रोमन चिन्हांच्या निरर्थक ओळी उरतात. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. पण त्यातील चुका तपासताना प्रमाण मराठीला कोश व शुद्धलेखनाचे नियम साहाय्यभूत होतात, तसा आधार बोलीला क्वचितच मिळतो. झाडीबोलीत 'ण'च्या जागी 'न' येतो. लेखकाने लिहिलेले 'पानी' तपासनिसाने 'पाणी' केले, तर ती दुरुस्ती नसून बोलीचा लोप होय.

युनिकोडही आरंभी मराठीसाठी परिपूर्ण नव्हते. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर त्यात २००८ च्या ५.१ आवृत्तीत आले. त्यामुळे जुन्या टंकांना धरून राहिलेल्या मुद्रकांना सर्वस्वी दोष देणे उचित नाही. उणीव आहे ती छापील प्रतीलाच पूर्ण कृती मानणाऱ्या दृष्टीची. ग्रंथ स्वीकारताना त्याची धारिका कोणत्या संकेतप्रणालीत आहे, हा प्रश्न या दृष्टीला पडत नाही.

सारांश, मुद्रणसाधनांची प्रतीक्षा संपली असली तरी त्या काळातील मजकुराचा प्रश्न शिल्लक आहे. मूळ लेखक तपासणीसाठी उपलब्ध आहेत तोवरच महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी हे रूपांतर हाती घेणे अगत्याचे आहे.