तांब्याची तार कापली की सोबत काय कापलं जातं? दोन अभ्यास आणि एक सुटलेला प्रश्न

लिटरेचर रिव्ह्यू करताना एक सवय लावून घ्या. एखाद्या विषयावर दोन गट वर्षानुवर्षं भांडत असतील, तर कोण बरोबर हे ठरवण्याआधी दोघंही काय मोजत नाहीयेत ते शोधा. पुष्कळदा तुमचा विषय तिथेच पडलेला असतो. आज याचं एक उदाहरण घेऊ. अमेरिकेत टेलिफोन कंपन्यांनी तांब्याच्या तारा काढून फायबर टाकलं, त्याने स्पर्धेचं काय झालं?

आधी थोडी पार्श्वभूमी

1996 च्या अमेरिकन दूरसंचार कायद्याने एक गोष्ट मान्य केली. एक्सचेंजपासून घराघरापर्यंत नव्याने तार टाकणं कुठल्याही नव्या कंपनीला परवडणारं नाही. म्हणून जुन्या कंपन्यांवर बंधन आलं की जाळ्याचे भाग सुटे करून प्रतिस्पर्ध्यांना वाजवी भाड्याने द्यायचे. यालाच अनबंडलिंग म्हणतात. नवी कंपनी एक्सचेंजमध्ये जागा घ्यायची, आपली यंत्रं बसवायची आणि जुन्या कंपनीच्या तारेवरून स्वतःचं डीएसएल विकायची. पुढे तांब्याच्या अनेक जोड्या एकत्र बांधून छोट्या ऑफिसांना आणि दुकानांना इथरनेट देणाऱ्या कंपन्याही याच तारांवर उभ्या राहिल्या.

2003 साली तिथल्या नियामकाने, म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, एक लांबलचक आदेश काढला. त्यात फायबरला वेगळा न्याय लावला. घरापर्यंत नवं फायबर टाकलं तर ते भाड्याने देण्याची सक्ती नाही. जुनी तार जागेवर ठेवलीत तर ती द्यावी लागेल. काढून टाकलीत तर फायबरवर फक्त आवाजापुरती 64 किलोबिटची वाट दिली की झालं. तार काढायला प्रतिस्पर्ध्याने हरकत घेतली आणि कमिशनने 90 दिवसांत वेगळा निर्णय दिला नाही, तर हरकत फेटाळली असं धरायचं.

आता ही रचना पुन्हा एकदा सावकाश वाचा. प्रतिस्पर्ध्याचा हक्क कशाला बांधला होता? धातूला. मग तो संपवायला कायदा बदलायची गरजच उरली नाही. पक्कड पुरेशी होती.

कमिशनची बाजू अगदीच कच्ची नव्हती, हेही लिहून ठेवा. फायबर टाकायला पैसा लागतो. उद्या ते दुसऱ्याला स्वस्तात द्यावं लागणार असेल तर कोण टाकेल? दोन-दोन जाळी सांभाळणंही महाग, आणि भिजून गंजणाऱ्या तांब्यापेक्षा फायबर चांगलंच. नव्या वसाहतीत तर सगळेच शून्यापासून सुरुवात करतात, हा मुद्दाही पटतो. पण जुन्या वस्तीत? तिथे खांब, जमिनीखालच्या नळ्या, रस्ता खोदण्याचे हक्क आणि आधीचे ग्राहक हे सगळं एकाच कंपनीच्या हातात होतं. तिथे दोघं एकाच रेषेवर उभे आहेत असं म्हणणं मला पटत नाही.

दोन अभ्यास

थॉमस हॅझलेट आणि अनिल कॅलिस्कन यांनी 2008 च्या लेखात नियम सैल होण्याआधीचं आणि नंतरचं चित्र तुलनेला घेतलं. नियम सैल झाल्यावर डीएसएलची ग्राहकवाढ जोरात झाली, म्हणजे सक्तीनेच वाढ अडवली होती, असा त्यांचा निष्कर्ष. उलट बाजूला हार्वर्डच्या बर्कमन सेंटरचा 2010 चा अहवाल, योखाई बेंकलर यांच्या नेतृत्वाखालचा. त्यांनी अनेक विकसित देश तपासले आणि म्हटलं, जिथे जाळं खुलं ठेवलं तिथे स्पर्धा आली आणि तिचा फायदा ब्रॉडबँडला झाला.

दोन्ही वाचाच, पद्धत शिकण्यासाठी तरी. पहिल्याची अडचण अशी की त्याच काळात केबल कंपन्यांशी चुरस, दरकपात आणि तंत्रज्ञान सगळंच बदलत होतं. दुसऱ्याची अडचण अशी की देश एकमेकांपासून इतक्या बाबतींत वेगळे असतात की एका धोरणाला श्रेय देणं कठीण जातं. ही टीका मात्र बहुतेकांना सुचते. व्हायव्हात तुम्हीही तेवढीच केलीत तर परीक्षक मान हलवतील आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतील.

माझा मूळ आक्षेप दुसरा आहे. दोघांनीही ‘ट्रीटमेंट’ म्हणून धोरण घेतलं: नियम आहे किंवा नाही. तार मुळात शिल्लक आहे का, हा प्रश्न त्यांच्या मांडणीत स्वतंत्रपणे येत नाही. या दोन गोष्टी एक नव्हेत. नियम आज काढला तर उद्याचं कमिशन तो परत आणू शकतं. तसं घडलंही आहे. 2015 साली तार काढण्याआधीच्या सूचनेचे नियम कडक झाले, 2017 साली पुन्हा सैल झाले. उखडलेली तार मात्र कुठलाही आदेश परत जोडत नाही. पहिला बदल उलटवता येतो, दुसरा येत नाही. दोघांना एका चलात कोंबलं, की स्पर्धेचं कायमचं नुकसान आकडेवारीत तात्पुरत्या चढउतारासारखं दिसतं.

दुसरं म्हणजे मोजलं काय? मुख्यतः ब्रॉडबँडचा प्रसार, वेग, किंमत. पण तांब्यावर उभी असलेली स्पर्धा बऱ्याच अंशी छोट्या व्यवसायांसाठी होती. तो ग्राहक असल्या तक्त्यांत नीट सापडतच नाही.

मग कसं तपासाल?

तार निवृत्त करण्याच्या सूचना सार्वजनिक असतात, त्यात जागा आणि तारीख असते. देश किंवा राज्य न घेता एक्सचेंज हे एकक घ्या आणि तार जाण्याआधी व नंतर तिथे किती पुरवठादार उरले ते बघा. पण सावध राहा. कंपनी कुठलीही तार उगाच आधी काढत नाही, जिथे फायबरचा धंदा चांगला चालेल तिथून सुरुवात करते. त्यामुळे ही निवड यादृच्छिक नाही.

इथे एक दुर्दैवी पण अभ्यासाला उपयोगी घटना आठवते. ऑक्टोबर 2012 मध्ये सँडी वादळाचं पाणी मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला व्हेरायझनच्या इमारतींत शिरलं, तांब्याच्या केबल्स नासल्या आणि कंपनीने तिथे फायबर टाकलं. पाण्याने प्रतिस्पर्धी कुठे आहेत ते पाहून तार निवडली नव्हती. अर्थात त्या भागातले धंदेही पाण्यात बसले होते, तो परिणाम वेगळा काढावा लागेल. ते जमलं तर चांगला पेपर होईल.

दोष फायबरचा का?

नाही, आणि इथेच घाईने निष्कर्ष काढू नका. ब्रिटनमध्येही तांबं जातंय. पण तिथे ओपनरीचचं फायबर स्काय, टॉकटॉकसारख्या कंपन्या घाऊक घेऊन विकतात, आणि खांब व नळ्याही प्रतिस्पर्ध्यांना वापरायला मिळतात. धातू बदलला तरी हक्क बुडाला नाही, कारण तो वाटेला बांधला होता. आपल्याकडे तर 2004 साली ट्रायने अनबंडलिंगची शिफारस केली होती, पण त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणाने बीएसएनएल आणि एमटीएनएलवर तशी सक्ती केली नाही. त्यामुळे इथे तांबं गेल्याने तसा हक्क गेला, असं म्हणता येत नाही. जो दिलाच नव्हता तो जाणार कसा? म्हणूनच अमेरिकेचा निष्कर्ष उचलून भारतावरच्या सिनॉप्सिसमध्ये चिकटवू नका.

या प्रश्नाला मुदतही आहे. एटी अँड टीने कॅलिफोर्निया सोडून आपल्या बहुतेक भागातलं तांब्याचं जाळं 2029 अखेर बंद करायचं जाहीर केलं आहे. तारा आहेत तोवर ‘आधी’चा डेटा गोळा करता येतो. त्या गेल्या की तुमच्याकडे फक्त ‘नंतर’ उरेल आणि तुलनेला काहीच नसेल. तेव्हा गाईडकडे जाण्याआधी कागदावर एवढं लिहा: तुमच्या विषयात उलटवता न येणारा बदल कोणता, आणि तो घडण्याआधीची नोंद कुणाकडे आहे?