पाककृतीचे पान आणि चुलीजवळची माणसे

साहित्यविषयक नियतकालिकात पाककृतींच्या पुस्तकाची चर्चा व्हावी, हे काही वाचकांना कदाचित रुचणार नाही. कविता, कथा, आत्मचरित्र यांच्या पंक्तीला मसाल्याचे डाग पडलेले पुस्तक कशाला, असे ते विचारतील. परंतु ज्या समाजाचे लिखित वाङ्मय थोडे आणि मौखिक विपुल, त्याचे अंतरंग पुष्कळदा अशाच पुस्तकात उतरलेले असते. निदान तेथे उतरायचे राहून गेलेले असते. आपल्या ईस्ट इंडियन समाजाची गोष्ट तशीच आहे.

१८८७ साली स्थापन झालेल्या बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनने १९८१ साली ‘द ईस्ट इंडियन कुकरी बुक’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे. बाटली मसाला, इंद्याल, सोरपोतेल, मोइली, फुगे हे पदार्थ तोवर बहुतांशी तोंडी परंपरेने चालत आले होते. आजी सांगे, सून पाही, आणि चुकले की बोलणी खाई. त्या ज्ञानाला छापील पान मिळाले. दूरदेशी नोकरीस गेलेल्या मुलीला, सासूबाईंवाचून संसार थाटलेल्या नववधूला या पानाने मोठा आधार दिला आहे. पंचवीस माणसांच्या घरातून दोन खोल्यांत आलेल्या संसाराला अशा पुस्तकाची गरज होतीच.

माझी तक्रार निराळी आहे. पुस्तक इंग्रजीत आहे आणि त्यातील पदार्थांची नावे रोमन लिपीत. ‘फुगे’ हा केवढा बोलका मराठी शब्द! तेलात पडताच फुगतो म्हणून फुगा. रोमन लिपीत शिरताच तो कुठल्यातरी परदेशी पक्वान्नासारखा दिसू लागतो. सोरपोतेलाची गोष्ट वेगळी. तो पोर्तुगीज ‘सारापातेल’ आहे आणि विंदालूच्या नावात तर ‘व्हिन्यादाल्युश’ हा लसूण घातलेल्या द्राक्षासवाच्या मुरवणीचा शब्द दडलेला आहे. १५३४ च्या तहानंतर वसई-साष्टी पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली. त्या दोन शतकांची खूण आपल्या ताटात आहे. मिरचीसुद्धा त्याच गलबतांतून आली. परंतु हे सारे ज्या भाषेत कुटले, वाटले आणि वाढले गेले, ती भाषा मराठी होती. आमच्या काशीमिऱ्यात ज्या बायकांच्या हातचे हे जेवण, त्यांतल्या कित्येकींना स्वतःचेच पदार्थ सांगणारे हे पुस्तक वाचता येत नव्हते. नात वाचून दाखवी, आणि आजी ऐकून म्हणे, “असं नसतं ते.”

आजीचे म्हणणे बाटली मसाल्याच्या बाबतीत अक्षरशः खरे ठरते. मिरच्यांचे दोन-तीन प्रकार, धणे, हळद, तीळ, खसखस, मोहरी, मिरी, दालचिनी, लवंग, नागकेशर, दगडफूल, जायपत्री, शिवाय गहू आणि हरभऱ्याची डाळ अशी वीस-पंचवीस जिन्नसांची ही यादी. एप्रिल-मेच्या उन्हात ते वाळवायचे, एकेक करून भाजायचे, उखळात कुटायचे, चाळायचे आणि उजेडाने रंग उडू नये म्हणून गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत काठीने ठासून भरायचे. ही कृती पुस्तकातून कळू शकते. कळत नाही ते हे, की हा मसाला एकटीने करावयाचा पदार्थच नव्हता. दोन-तीन बायका एकाच उखळाभोवती उभ्या राहून आळीपाळीने मुसळ घालीत. एकीची लय चुकली तर दुसरीच्या हातावर घाव बसे. आज आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे, असा महिनाभर फेरा चाले. प्रत्येक घरचे प्रमाण वेगळे आणि ते गुप्त. तरीही कुटायला शेजारीणच हवी. गुप्तता आणि शेजार यांची ही सांगड मला फार अर्थपूर्ण वाटते. छापील प्रमाणाने गुप्तता संपली, याचे दुःख नाही. पण छापील पानात शेजारीण उरली नाही, याचे आहे.

लग्नाच्या फुग्यांचेही तेच. मैदा, अंडी, नारळाचे दूध आणि आंबवण्यासाठी पूर्वी ताडी. ते सैलसर पीठ मुठीत धरून अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातून तेलात सोडायचे. हे कोणालाही शब्दांत सांगून जमत नाही. हात पाहावा लागतो. लग्नघरी वाजतगाजत विहिरीवरून उंबराचे पाणी आणायचे, मांडवात गाणी चालू असायची आणि कढईभोवती फुगे सोडणाऱ्या बायकांचा अड्डा जमलेला असायचा. एल्सी बाप्टिस्टा यांनी १९६७ साली आपल्या समाजाचा इतिहास आणि चालीरीती यांवर इंग्रजीतूनच एक ग्रंथ लिहिला. तेथे विधी आहेत, येथे पदार्थ आहेत. वाचकाने ही दोन पुस्तके शेजारी ठेवावीत म्हणजे एक लग्न पुरे होते!

आणि काही जेवणे अशी की त्यांना कोणत्याच पुस्तकात प्रकरण मिळत नाही. घरात मयत झाली की त्या घरी चूल पेटत नसे. शेजारून पेज येई, सोबत सुक्या मासळीचा तुकडा किंवा लोणचे. त्या पेजेला कृती काय लिहिणार? तांदूळ, पाणी, मीठ. माझ्या वडिलांच्या वेळी ती तीन दिवस तीन वेगवेगळ्या घरांतून आली, आणि त्यांतल्या एका घराशी आमचे बांधावरून बोलणे बंद होते. त्यानंतर ते सुरू झाले.

मराठीत अन्नाविषयी लिहिण्याची परंपरा नाही असे नव्हे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याचे माप घरोघरी पोहोचवले. दुर्गाबाई भागवतांच्या ‘खमंग’मध्ये पाककृतीबरोबर लोकजीवनही येते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त, कोणाच्या हातचे खावे हा प्रश्न एका स्त्रीच्या आयुष्यात किती खोल जाऊ शकतो, हे दिसतेच. आपले ताट मात्र या मराठी परंपरेच्या पंगतीला अजून नीटसे मांडले गेलेले नाही, आणि हा दोष इतरांचा नव्हे, आपलाच.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावयास हवी. ते अनेक हात बायकांचे होते. पुरुष मांडवात बसून मीठ कमी पडल्याचे सांगत. मुसळामुळे खांदे दुखत, मिरचीने डोळे चुरचुरत. म्हणून डंक आला तेव्हा कोणी अश्रू ढाळले नाहीत, आणि ढाळावयासही नकोत. शिवाय वाळवण घालायला अंगण हवे. १९८५ मध्ये येथे नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका; भातखाचरे गेली, इमारती आल्या. महामार्गालगतच्या इमारतीच्या गच्चीवर मिरच्या पसरायच्या तर सोसायटीची परवानगी लागते.

तेव्हा मागणी जुन्या दिवसांची नाही, एका मराठी पुस्तकाची आहे. त्यात प्रमाण असावे, पण प्रमाणाशेजारी ते कोणत्या गावचे हेही असावे. पदार्थ कधी, कोणाकडे आणि कोणासाठी होई ते असावे. गाण्यांचे आणि भांड्यांचे शब्द बोलीतच ठेवावेत. उपवासकाळातील जेवण, आगेऱ्याच्या दिवसाचे नवे तांदूळ, मयताची पेज यांना स्वतंत्र पाने मिळावीत. समासही रुंद सोडावा.

समासाचे सुचते ते आमच्या घरातील वहीमुळे. आईची वही आता माझ्याकडे आहे. मसाल्याच्या पानावर जिन्नस आहेत, वजने आहेत. कृतीचा एक शब्दही नाही. उजव्या बाजूला मात्र दरवर्षीची तारीख आणि कुटायला आलेल्या बायकांची नावे. सुरुवातीच्या वर्षांत पाच-सहा, पुढे तीन, मग एक. शेवटच्या तारखेपुढे नाव नाही; तेथे डंकाचा दर लिहिला आहे.