पन्नास रुपयांची अट

विद्यापीठात आशियाई धर्म आणि संस्कृतींच्या अभ्यासाचं केंद्र व्हावं, याला आमचा पाठिंबा आहे. पण पाठिंबा नेमका कशाला? फलकाला, इमारतीला, की अभ्यासकाला?

या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर आपल्याकडे देऊन झालेलं आहे. गोव्यातल्या साखवळचे धर्मानंद कोसंबी श्रीलंकेत आणि ब्रह्मदेशात पाली शिकले आणि पुढे कलकत्त्याला शिकवू लागले. तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट अशी, की महाराष्ट्रात राहायचं आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यायचं. कलकत्त्याला पगार जास्त होता. तरी कोसंबी इकडे आले.

ही अट नीट पाहा. तीत राहण्याचं ठिकाण आहे, काम आहे. मत कोणतं मांडायचं ते नाही. महाराजांनी अभ्यासकाला वेळ दिला, त्याचा निष्कर्ष विकत घेतला नाही. आश्रय आणि प्रचार यांतला फरक आम्ही इथेच मानतो.

त्यातून काय उगवलं? १९१२ ते १९१८ कोसंबींनी फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट यांनी पुढे पालीतला विशुद्धिमार्ग आणि चिनी भाषांतरात टिकलेला विमुक्तिमार्ग शेजारी ठेवून तुलना केली. ते पुस्तक १९३७चं. विशुद्धिमार्गाच्या संपादनासाठी कोसंबी १९१०मध्ये हार्वर्डला गेले. ती आवृत्ती छापून आली १९५०मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. दरवर्षी अहवाल मागणाऱ्या योजनेत हे काम कुठे बसवणार?

आज आपण काय मागतो? आपल्या संताचं अध्यासन, आपल्या समाजाचं केंद्र. मग जयंतीला हार, एक व्याख्यान, फोटो. वर्गात मात्र भाषा शिकवणारं कुणी नाही. अहो, वेरूळच्या ३४ लेण्यांत बौद्ध, हिंदू, जैन शेजारी नांदतात. पलीकडे खुलताबादेत सूफींचे दर्गे, इकडे आपल्याजवळ समर्थांचं जांब. हे सगळं एकत्र वाचायचं तर पाली, अर्धमागधी, फारसी, मोडी येणारी माणसं लागतात. ती चर्चासत्रांतून तयार होत नसतात.

कुणी विचारील, मोसंबीला भाव नाही, तिथे पाली कशाला? प्रश्न रास्त आहे. पण शेजाऱ्याच्या धर्माविषयी मत तर आपण रोजच बनवतो, मोबाइलवर आलं ते वाचून. मूळ ग्रंथ वाचलेला एकही माणूस तालुक्यात नसेल, तर ते खोटं आहे हे सांगणार कोण?

म्हणून केंद्राला पाठिंबा देताना तीन गोष्टी मागू या: भाषांचे कायम शिक्षक, खेड्यातल्या मुलामुलींना पुरेल अशी शिष्यवृत्ती आणि निष्कर्षाचं स्वातंत्र्य. इमारत मागाहून झाली तरी चालेल.