नीबूरचा प्रवासग्रंथ : न कळलेल्या अक्षरांचे मोल

कार्स्टेन नीबूर याचा अरबस्तानच्या प्रवासावरील जर्मन ग्रंथ भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने वाचावा, तो त्यातील भाषाविषयक मतांसाठी नव्हे. तशी मते त्यात थोडीच आहेत. नीबूर हा भूमापक. त्याच्या हयातीत या ग्रंथाचे दोन खंड कोपनहेगन येथे १७७४ व १७७८ साली निघाले. तिसरा १८३७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याने पाठविलेली ही मोहीम जानेवारी १७६१ मध्ये निघाली. तिची कल्पना ग्योटिंगेनच्या मिखाएलिस या हिब्रूच्या पंडिताची. बायबलातील दुर्बोध शब्द अरबी भाषा व अरबी भूमी यांच्या साहाय्याने उलगडावेत, हा तिचा एक प्रमुख हेतू होता. सहा जणांत भाषापंडित म्हणून फॉन हावेन होता. तो व लिनिअसचा शिष्य फोर्सकाल १७६३ साली येमेनमध्ये निवर्तले. चित्रकार बाउरेनफाइंड व सेवक बेर्गग्रेन मुंबईच्या वाटेवर समुद्रात, तर वैद्य क्रामर १७६४ मध्ये मुंबईत वारला. नीबूर तेवढा १७६७ साली परतला.

ग्रंथाचे खरे सामर्थ्य सिनाईच्या वाळवंटातील प्रसंगात दिसते. १७६२ साली हावेन व नीबूर 'जबल अल्-मुकत्तब', म्हणजे लेखांकित पर्वत, शोधीत गेले. वाटाड्यांनी त्यांना भलत्याच ठिकाणी नेले. तेथे होते ते मिसरी चित्रलिपीतील लेख. ज्यासाठी आलो ते हे नव्हे, असे म्हणून पाठ फिरविणे सोपे होते. नीबूरने त्यांची नक्कल केली. पुढे १७६५ साली पर्सेपोलिस येथील कीलाकार लेखांबाबतही त्याने तेच केले. शिवाय तेथे तीन निरनिराळ्या लिपी आहेत, आणि लेखन डावीकडून उजवीकडे जाते, हेही ताडले. याच नकलांच्या आधारे ग्रोटेफेंडने १८०२ साली त्यांतील पहिल्या लिपीच्या उकलीस आरंभ केला.

यावरून हावेनला दोष देणे न्याय्य होणार नाही; त्याने कोपनहेगनसाठी मोलाची हस्तलिखिते मिळविली. परंतु तो ठरलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधीत होता, आणि नीबूर समोर आलेल्याची नोंद घेत होता. पहिल्याचे यश प्रश्नाच्या योग्यतेवर अवलंबून असते. दुसऱ्याची नोंद पुढच्या पिढीच्या प्रश्नांनाही उपयोगी पडते.

ही पद्धती सर्वत्र पुरी पडते, असे मात्र नव्हे. १७६४ साली नीबूरने घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे व चित्रे घेतली. मापांत त्याचा हात बसलेला आहे. मूर्तींचे भाव मात्र चित्रांत उतरत नाहीत. चित्रकार गमावलेला होता, हे एक कारण. दुसरे असे की, अक्षराची रेघ अर्थ न कळताही उतरविता येते. मूर्तीमागील कथा ठाऊक नसेल तर काय पाहावे हेच उमगत नाही.

नाशिकच्या अभ्यासकास हा धडा घराजवळचाच आहे. पांडवलेण्यांतील लेखांच्या वेस्ट बंधूंनी घेतलेल्या नकला आधी प्रसिद्ध झाल्या. भांडारकर, भगवानलाल इंद्रजी व सेनार यांची वाचने त्यानंतरची. वाचने बदलली, सुधारली. मूळ लेख मात्र ऊनपावसात झिजतच असतात. आपले विद्यार्थी बोलींचे नमुने गोळा करताना सिद्धांतात न बसणारे रूप अपवाद म्हणून वगळतात, तेव्हा ते सिनाईतून रिकाम्या हातांनी परतत असतात. असे रूप जसेच्या तसे लिहून ठेवावे. त्याचा ग्रोटेफेंड कदाचित अजून जन्मावयाचा असेल.