बाकावर बसलेली मूल्ये

मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या बहुतेक संस्थांच्या माहितीपत्रकात ‘आमची मूल्ये’ असे एक पान असते. आदर, समता, करुणा, सहभाग. या शब्दांशी कुणाचेच भांडण नसते आणि म्हणूनच त्यांतून संस्थेविषयी फारसे काही कळत नाही. एखाद्या केंद्राची खरी मूल्ये वाचायची तर तीन गोष्टी पाहाव्यात, असे मला वाटते : तिथे दुःखाला कोणत्या नावाने हाक मारतात, ऐकणारी व्यक्ती कुठे बसते, आणि ऐकून झाल्यावर माणसाला कुठे पाठवतात. झिम्बाब्वेतील ‘फ्रेंडशिप बेंच’ हा उपक्रम मी या कसोटीवर पारखून पाहतो आहे.

हरारे शहरातील म्बारे या दाट वस्तीत मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी 2006 साली हे काम सुरू केले. आदल्याच वर्षी सरकारने ‘ऑपरेशन मुरंबात्स्विना’ या नावाखाली शहरातल्या झोपड्या आणि टपऱ्या पाडल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार त्यात सुमारे 7 लाख लोकांचे घर, रोजगार किंवा दोन्ही गेले. चिबांडांच्या एका तरुण रुग्ण मुलीने आत्महत्या केली. तिच्या घरच्यांकडे रुग्णालयापर्यंत यायला बसभाड्याचे पैसे नव्हते. देशात तज्ज्ञ मोजकेच, दवाखान्यात खोली मिळेना. हाताशी होत्या त्या वस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्या 14 आज्या आणि दवाखान्याबाहेरच्या आवारातली मोकळी जागा. तिथे लाकडी बाक आला. पुढे जे मूल्य म्हणून सांगितले गेले, ते आधी अडचणीतून निघालेली वाट होती. मला हे महत्त्वाचे वाटते. बाकावर दोघांची उंची सारखी असते, मध्ये टेबल नसते.

चिबांडांनी आधी ठेवलेले नाव ‘मेंटल हेल्थ बेंच’ असे होते. या नावाच्या बाकावर कुणी येऊन बसणार नाही, असे आज्यांनीच सांगितले. नाव बदलले. आजाराचा शब्दही लोकांचाच घेतला : ‘कुफुंगिसिसा’. शोना भाषेत ‘कुफुंगा’ म्हणजे विचार करणे. त्याला अतिशयता दाखवणारा प्रत्यय लागला की अर्थ होतो, फार फार विचार करणे. उपचाराचे तीन टप्पेही तिथल्याच क्रियापदांत आहेत : मन उघडणे, उचलून धरणे, बळ देणे. समोरची व्यक्ती आपल्या अडचणींची यादी सांगते, त्यातली एक स्वतः निवडते आणि तिच्यावरचा उपाय स्वतःच ठरवते. आजीने सल्ल्याची घाई आवरायची असते.

हे नुसते भाबडेपण नाही. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हरारेतील 24 दवाखाने आणि 573 व्यक्ती होत्या. 6 महिन्यांनंतर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात 49.9 टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे होती. बाकावर बसलेल्या गटात हे प्रमाण 13.7 टक्के होते.

तरीही माझा आक्षेप आहे, आणि तो याच सुंदर शब्दावर आहे. ज्याच्या घरावर सरकारी बुलडोझर फिरला, त्याला ‘तू फार विचार करतोस’ असे म्हणणे म्हणजे कारण त्याच्या डोक्यात नेऊन ठेवणे नव्हे काय? ‘आपला उपाय आपणच शोधा’ हे मूल्य सन्मानाचे आहे खरे, पण गरिबीचा भार गरिबाच्याच खांद्यावर परत ठेवण्याची सोयही त्यात आहे. बाक सरकारला जाब विचारत नाही.

या आक्षेपाचे थोडे उत्तर उपक्रमातच सापडते. बाकावरून उठलेल्या माणसाला ‘कुबाताना तोसे’ या गटात बोलावतात. हातात हात धरून एकत्र राहणे, असा त्या नावाचा अर्थ. तिथे स्त्रिया जुन्या प्लास्टिकपासून पिशव्या विणतात आणि विणता विणता बोलतात. एकटीची अडचण तिथे अनेकींची असल्याचे कळते. माझ्या लेखी या उपक्रमाचा कणा बाकापेक्षा हे वर्तुळ आहे. वर्तुळ गाळून नुसता बाक उचलला, तर हाती लागेल तो एक स्वस्त उपचार.

आपल्याशी या बाकाचे नाते दूरचे नाही. बाकावर बसण्याआधी जी 14 प्रश्नांची शोना प्रश्नावली विचारतात, ती घडवणाऱ्यांत विक्रम पटेल होते. झिम्बाब्वेतील कामानंतर ते गोव्यात आले आणि ‘संगाथ’ संस्थेच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. 2010 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या संगाथच्या चाचणीतही वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांवरच भिस्त होती. तिचे नाव होते ‘मानस’, म्हणजे ‘मनशांती सुधार शोध’. हे नाव कोकणी आहे आणि त्यात आजार हा शब्द नाही.

मराठीत मात्र आपण नेमके इथेच चुकतो. ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटात उपदेश बसलेला आहे, आणि ‘लाभार्थी’ म्हटले की समोरचा माणूस हात पसरूनच उभा राहतो. माणसे मात्र वेगळे बोलतात : जिवाला घोर लागलाय, मन थाऱ्यावर नाही, डोक्यातून विचार जात नाही. केंद्राच्या नोंदवहीत यातले एकही वाक्य उतरत नसेल, तर भिंतीवरची ‘आदर’ ही पाटी उतरवलेली बरी. ऐकणाऱ्या बाईचेही तेच. ‘आशा’ला आपण स्वयंसेविका म्हणतो आणि कामागणिक मोबदला देतो. उद्या मनाचे दुखणे ऐकण्याचे कामही तिच्याच माथी येणार असेल, तर तिच्या कष्टाला पगार म्हणायचे की मानधन, हाही मूल्यांचाच प्रश्न आहे.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आहे. कायदा हक्क देतो. बसायला जागा आणि बोलायला शब्द वस्तीनेच द्यावे लागतात. म्हणून यापुढे कुठल्याही केंद्राचे मूल्यांचे पान हाती आले, की मी ते उलटून तिथल्या नोंदवहीचे पान मागणार आहे.