वाटेचा हिशेब

कादंबरीतला प्रवास कादंबरीकाराला एका वाक्यात उरकता येतो. 'तीन आठवड्यांनी ते घाटाच्या पायथ्याशी आले' असे लिहिले की तीन आठवडे सरले. वाचकही कुरकुर करीत नाही. परंतु जी कथा पाचसहा जण एका टेबलाभोवती बसून, बोलता बोलता, मिळून रचतात, तिथे या तीन आठवड्यांचे काय करायचे? 'रोल-प्लेइंग गेम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांविषयी मी बोलतो आहे. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होतो, एक जण सूत्रधार होऊन उरलेले सारे जग चालवतो, आणि जिथे काय घडेल याची शंका असेल तिथे फासा टाकतात. या खेळांत लढाईचे नियम भरघोस असतात आणि ते हौसेने पाळलेही जातात. वाटचालीचे नियम मात्र पुस्तकात असूनही पुष्कळ मंडळी गाळून पुढे जातात. असे का व्हावे? हा प्रश्न माझ्यापुरता तरी निव्वळ जिज्ञासेचा नाही. असे नियम लिहिण्याच्या भानगडीत मी स्वतः पडलो आणि चांगलाच फसलो.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला, तेव्हा रानावनातल्या भ्रमंतीसाठी त्यांनी एक परका पट वापरायला सांगितला. ॲव्हलॉन हिल या कंपनीने १९७२ साली काढलेल्या 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या खेळाचा तो पट. तो मूळ खेळ होता रानात सापडलेल्या माणसाचा: अन्नपाणी मिळवीत जीव वाचवायचा आणि बाहेर पडायचे. नव्या खेळात त्या पटावरच्या पाणवठ्यांचे किल्ले झाले आणि इमारतींची गावे झाली. मला हा बदल फार बोलका वाटतो. जिथे माणूस ओंजळभर पाण्यासाठी पोचत होता, तिथे आता गढीवाला सरदार राहू लागला. पट आला, पण तहान मागेच राहिली! पाच मैलांचे एक षट्कोनी घर, पायी चालणाऱ्याला दिवसाला तीन घरे, आणि चकवा लागला की नाही ते सांगणारा फासा, एवढे सामान हाती आले. चकवा लागला तर भरकटायचे कोणत्या दिशेने, हेही फासाच ठरवी.

पुढे चाळीस वर्षांनी, २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत, याच खेळाने चालण्याच्या तीन चाली दिल्या: दिवसाला १८, २४ किंवा ३० मैल. भरभर चालाल तर आसपासचे कमी दिसेल, सावकाश चालाल तर लपतछपत जाता येईल. हा नियम लहान आहे, पण मला तो आवडतो, कारण तो काही विचारतो. फासा काय म्हणतो ते नंतर. आधी तुम्ही काय म्हणता? दुर्दैवाने त्याच पुस्तकात 'रेंजर' नावाचा रानातला जाणकार आहे. आपल्या ओळखीच्या मुलखात तो बरोबर असला की जादूटोण्याखेरीज साऱ्या टोळीला चकवा लागतच नाही आणि बिकट वाटही मंद करीत नाही. शिवाय 'आउटलँडर' घराण्यातले पात्र स्वतःसह आणखी पाच जणांपुरते अन्नपाणी रोज शोधू शकते; मुलूख अगदीच उजाड नसला म्हणजे झाले. म्हणजे रानाची आवड म्हणून ज्याने हे पात्र घेतले, त्याच्यासाठीच रान नाहीसे झाले. पोहण्याची हौस असलेल्याला बक्षीस म्हणून विहीर बुजवून द्यावी, तसा हा प्रकार.

आत्सुहिरो ओकादा यांचा 'र्‍यूतामा' (२००७) हा जपानी खेळ उलट टोकाला जातो. त्यात शेतकरी, व्यापारी, शिकारी अशी साधी माणसे प्रवासाला निघतात आणि प्रवास हाच खेळ असतो. रोज प्रकृतीचा फासा, वाटचालीचा फासा, दिशेचा फासा, मुक्कामाचा फासा. वाटचालीचा फसला की अंगातली ताकद निम्मी. वातावरण सुरेख, पण चौथ्या दिवशी मला हजेरीपटावर सह्या केल्यासारखे वाटू लागले. स्वीडनमधल्या फ्री लीग या प्रकाशनाचा 'फॉरबिडन लँड्स' (२०१८) अधिक चतुर आहे. दिवसाचे चार प्रहर, एकाने वाट काढायची, एकाने पहारा करायचा, एकाने शिकार पाहायची. आणि शिधा मोजायचा नाही, त्याचा एक फासा असतो. त्यावर एक किंवा दोन पडले की फासा एका पायरीने लहान होतो. पोत्यात हात घालून 'अजून आहे वाटतं' म्हणण्यातली ती घालमेल या एका युक्तीने टेबलावर आणली. मात्र वाटेवरच्या विघ्नांची यादी लवकरच ओळखीची होते.

आता माझी फजिती. दर शनिवारी रात्री आमच्याकडे पाच मंडळी जमतात. मी त्यांच्यासाठी अकरा पानी नियमावली लिहिली. पाऊस, चिखल, बुटांची झीज, खेचराची खंदक, काही सोडले नाही. पहिल्या रात्री आठ दिवसांची वाट चालायला अडीच तास लागले आणि या अडीच तासांत कोणीही कसलाही निर्णय घेतला नाही. सारे फासे टाकीत होते, मी आकडे लिहीत होतो. शेवटी भाचीने जांभई दिली. ती जांभई हेच माझ्या नियमांचे सर्वांत प्रामाणिक परीक्षण होते.

मग मी दहा पाने फाडली. उरली त्यात तीनच गोष्टी ठेवल्या: ओझे, शिदोरी आणि किमान दोन वाटा. गोडसे भटजींनी १८५७ च्या धामधुमीतून परतताना गंगोदकाची कावड घरापर्यंत आणली, हे 'माझा प्रवास' वाचणाऱ्याच्या मनातून जात नाही. मैल किती झाले हे आपण विसरतो; कावड विसरत नाही. म्हणून मी पात्रांना एक पितळी घंटा पोचवायला दिली, जड. शिदोरी सहा दिवसांची. खिंडीतून पाच दिवस, पण खेचर चढणार नाही. नदीकाठाने नऊ दिवस. त्यात एकाचा पाय मोडलेला. त्या रात्री पाऊण तास एकही फासा पडला नाही आणि कोणी घड्याळाकडे पाहिले नाही.

तरी एक तक्रार आलीच. रेंजरची सूट मी काढून टाकली होती आणि ते पात्र भाचीचे होते. "मामा, लढाईत दादाची तलवार तू कधी बोथट करतोस का? मग रानातली माझी विद्याच तेवढी का काढून घेतलीस?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तिचे म्हणणे रास्त होते. मी चूक दुरुस्त करण्याच्या नादात जाणकारालाच अडाणी करून ठेवले होते. आठवडाभर घोळून मी नियम असा केला: रेंजरला माफी नाही, माहिती आहे. दोन वाटा समोर आल्या की कोणत्या वाटेवर पाणी आहे, कुठे हल्लीच कोणी चालून गेले आहे, असे एक खरे उत्तर सूत्रधाराने तिला फाशावाचून द्यायचे. एकच. काय विचारायचे ते तिने ठरवायचे.

तिने खिंडीतल्या पाण्याविषयी विचारले. पाणी होते. मग दादाने खेचर सोडून द्यावे असे सुचवले, जखमी गृहस्थ घंटा सोडा म्हणाले, आणि भाची म्हणाली, "आधी मला दुसरा प्रश्न विचारता आला असता तर!" घंटा अजून खिंडीच्या तोंडाशी, एका खडकाच्या कपारीत आहे. परतीच्या वाटेवर ती उचलायची ठरली आहे. परतीचे नियम मात्र मी अजून लिहिलेले नाहीत.